कावळीचा पाला आणि सात पॉइंट सहा

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. दुपारी १.२०

मुरबाडहून आत्ताच धसईला परत. डोकं तडकलंय, म्हणून ही वही. डॉक्टर म्हणाला, काका, राग आला की लिहून काढत जा. डॉक्टर कोण, तर स्वरूप. काल-परवापर्यंत शाळेची चड्डी घालून माझ्या खिडकीसमोर पासच्या रांगेत उभा असायचा. आज तोच खुर्चीत बसून सांगतो, तुम्हाला शुगर आहे.

रिपोर्ट : उपाशीपोटी २१२. तीन महिन्यांची सरासरी ९.२. मी विचारलं, पास कितीला? म्हणाला, साडेसहाच्या खाली.

चौतीस वर्षं एसटीत काढली. शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. माझ्या एका आवाजावर स्टँडातल्या गाड्या मागे सरकायच्या. आणि माझ्या रक्तात काय चाललंय ते मला कळणार नाही?

गोळी लिहून दिली. मेटफॉर्मिन ५००. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. किती दिवस, विचारलं. म्हणतो, कायमची. मला नोकरीत कायम व्हायला सहा वर्षं लागली. ही पहिल्या दिवशी कायम!

संकल्प : गोळी घ्यायची नाही. राग करायचा नाही.

५ ऑगस्ट. सकाळी ६.१५

राग केला नाही.

६.४०

केला. कमळने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. न विचारता. तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोने एक गोष्ट मला न विचारता केली नव्हती, आणि सुरुवात कुठून केली तर चहापासून. कप परत पाठवला. तोच कप परत आला. प्यायलो. गरम पाण्यात चामडं उकळल्यासारखा लागतो.

गोळ्यांचं पाकीट कपाटावर फेकलं.

९ ऑगस्ट, शनिवार

लडकू आला होता. सर्व्हिसमध्ये माझा सगळ्यात चांगला ड्रायव्हर. सिद्धगडच्या पायथ्याला त्याचं गाव. रिटायर झाला तरी मला अजून सायेबच म्हणतो. त्यालाही शुगर आहे, चार वर्षं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या भाकरीबरोबर चटणी खावी तशा निमूट खातो. मी विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाला, "गोलीचा कसला राग सायेब?"

म्हणूनच तो ड्रायव्हर राहिला.

त्याने गंमत म्हणून एक पाला आणला होता. कावळीचा वेल, पुस्तकात गुडमार. म्हणाला, चावा आणि मग साखर खा. दोन पानं चावली. कडू. मग चमचाभर साखर तोंडात टाकली.

वाळू! चक्क नदीची वाळू. गोडाचा मागमूस नाही. गूळ खाल्ला, माती. मध खाल्ला, डिंक. कमळ म्हणाली, साखर का फुकट घालवताय? बायकांना विज्ञान कळत नाही.

लडकू हसत होता. त्याला हा लहानपणीचा खेळ वाटतो. जिथे साखरेचा गोडवाच मरतो तिथे साखर काय करणार, एवढा साधा विचार ह्या माणसाला साठ वर्षांत सुचला नाही.

१० ऑगस्ट. सकाळी ९.००

सारिकाला फोन केला. माझी मुलगी. आसनगावजवळ फार्मसी कॉलेजात शिकवते. शिकवताना बापालाही सोडत नाही.

ती म्हणाली, त्या पाल्यात जिम्नेमिक ॲसिड असतं. त्याच्या कणांची ठेवण साखरेसारखी. जिभेवर गोडाची चव घेणाऱ्या जागा असतात, तिथे हे कण आधीच जाऊन बसतात. साखर येते तेव्हा जागा भरलेली.

मला लगेच कळलं. गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं. पाला म्हणजे रुमाल.

ती म्हणाली, हो बाबा, अगदी तसं. आतड्यातही थोडंफार तेच होतं, त्यामुळे साखर रक्तात जरा सावकाश उतरते. स्वादुपिंडातून इन्शुलिन थोडं जास्त सुटतं असंही काही प्रयोगांत दिसलंय. पण...

इथे रेंज गेली.

९.३०

वही माझी आहे, इथे खोटं कशाला. रेंज होती. "पण" ऐकल्यावर मी फोन ठेवला.

९.५०

तिने परत केला. पण प्रयोग लहान आहेत, पण परिणाम बेताचा आहे, पण गोळीच्या जोडीला दिलेला आहे, गोळीच्या जागी नाही. आणि जिभेचा रुमाल तासाभरात उडतो. "साखर मागच्या दाराने चढते बाबा. तुम्हाला दिसत नाही म्हणून गाडी रिकामी नसते."

मला गाड्यांबद्दल शिकवते!

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

रोज सहा पानं चालू आहेत. शरीर हलकं. डोकं शांत. आज दुपारी नैवेद्यानंतर पाला चावून पानावर बसलो. अकरा मोदक खाल्ले. कमळने ताट ओढलं, मी परत ओढलं. शेजारपाजारचे बघत होते. मी सगळ्यांना समजावलं की हे मोदक नाहीत. माझ्या तोंडात ही नुसती ओल्या पिठाची उकड आणि खोबऱ्याचा चोथा आहे. जे गोड लागत नाही ते गोड नाही. साधं लॉजिक.

संध्याकाळी ५.००

सारिकाने मागे एक मशीन आणून ठेवलंय, बोटाला टोचायचं. ३३१ दाखवतंय.

५.०५

दुसरं बोट. ३३८.

५.१०

मशीन बिघडलंय. आपल्याकडच्या दमट हवेत ही नाजूक मशिनं टिकत नाहीत. कमळला सांगितलं, परत पाठव. तिने काही न बोलता मशीन उचलून पदराआड ठेवलं. सगळं घर माझ्याविरुद्ध.

३१ ऑगस्ट, रविवार

सारिका आली आणि भांडून गेली. मोदकांची खबर तिच्यापर्यंत कशी पोचली ते मला माहीत आहे.

मी म्हणालो, मला केमिकल नको, मला झाड पाहिजे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कपाटावर फेकलीत ती गोळीसुद्धा एका झाडावरूनच आली आहे. युरोपातलं जांभळ्या फुलांचं एक रोप. त्यातल्या द्रव्याने साखर उतरते हे माणसांना आधी कळलं. पण ते विषारी होतं. म्हणून त्याच्यासारखं, पण सोसवेल असं, कारखान्यात बनवलं. रात्री तुम्ही काही खात नाही तरी लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं, ते ही गोळी आवरते. शंभर वर्षांचा अभ्यास आहे त्याच्या मागे."

हे मला माहीत नव्हतं, कबूल करतो. मग म्हणालो, परदेशी झाड आहे. आपल्या हवामानाला चालत नाही.

ती रडायला लागली. कॉलेजात शिकवते आणि रडते. म्हणाली, कॉलेजातले शिपाई काका पाय कापून घरी बसलेत, तेही असंच बोलायचे. मी ओरडलो की माझ्या पायाचं नाव काढायचं नाही. ती न जेवता गेली.

राग करायचा नाही हा संकल्प उद्यापासून.

३ सप्टेंबर

घरात एकदाचा विजय! कमळ शरण आली. स्वतःहून म्हणाली, पानं चावत बसू नका, दात हिरवे झालेत. मी पाला सावलीत वाळवते, मिक्सरमधून काढते, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर वाटीत पाण्यात कालवून हातात देते. "तुमी फक्त प्या."

मी विचारलं, एवढी सुबुद्धी कशी झाली? म्हणाली, तुमच्याशी भांडून दमले.

बायकोला पटवायला वेळ लागतो, पण पटते.

१२ सप्टेंबर

चूर्ण पानापेक्षा जोरकस. जास्त कडू. तोंडाला दिवसभर लोखंडासारखी चव. आणि पोट. पोटाबद्दल सविस्तर लिहीत नाही. मुरबाडच्या गाडीत सरळगावच्या पुढे ड्रायव्हरला हाक मारून गाडी थांबवावी लागली. मी! ज्याने आयुष्यभर मधे गाडी थांबवणाऱ्यांचे रिपोर्ट केले. खिडकीतली माणसं हसत होती. परत चढल्यावर सगळ्या गाडीला झापलं.

ही शुद्धी आहे. साठलेली साखर बाहेर पडते आहे.

२० सप्टेंबर

पोट ठीक. कमळ रोज दोनदा खलबत्त्यात काहीतरी कुटते. विचारलं तर म्हणाली वेलची. बिनसाखरेच्या चहात वेलची कशाला? चिडलो. तिची गुडघेदुखीही वाढलीय वाटतं, ह्या महिन्यात दोनदा मुरबाडच्या मेडिकलमध्ये जाऊन औषध आणलं. मी म्हणालो, तूही पाला घे. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

५ ऑक्टोबर, रविवार

लडकू दोन पोती पाला घेऊन आला. त्याला समोर बसवलं. म्हणालो, लडकू, तू रानातला माणूस. औषध तुझ्या कुंपणावर चढलंय आणि तू सरकारी गोळ्या गिळतोस? लाज नाही वाटत?

म्हणाला, "भिमी वरडंल." भिमी म्हणजे त्याची बायको. मी विचारलं, घरात गाडी कोण चालवतं, तू की भिमी? म्हणाला, "तुमी म्हंता तर."

पाऊण तास बोललो. रुमाल आणि सीट सगळं समजावलं. एक डबा भरून चूर्ण दिलं, आमच्याच मिक्सरमधलं. त्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं. कमळ दारात उभी होती. म्हणाली, "भावजींना नका सांगू. त्यांचं त्यांच्या डाक्टरला बघू दे." मी तिच्यावर असा ओरडलो की लडकूने मान खाली घातली.

चांगल्या कामात घरातूनच खोडा.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ११.१५. मुरबाड

७.६

परत लिहितो. सात पॉइंट सहा. नऊ पॉइंट दोनवरून.

स्वरूप खूश. म्हणाला, वा काका, गोळी वेळेवर घेताय. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, एकही घेतली नाही. त्याचा चेहरा! बराच वेळ रिपोर्ट उलटसुलट करत होता. म्हणाला, ते चूर्ण मला एकदा आणून दाखवा. मी बरा दाखवीन. उद्या स्वतःच्या नावाने डबे विकायला बसेल.

स्टँडवर उभं राहून ओळखीच्या सगळ्यांना रिपोर्ट दाखवला. झेरॉक्स काढल्या. एक लडकूला पाठवली, वर लिहिलं : "फक्त पाला. जयराम पष्टे."

संध्याकाळी

कमळला आकडा सांगितला. देवासमोर बसून रडली. मग म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय. मी म्हणालो, आज काही सांगू नकोस, आज ऐक. तासभर ऐकलं तिने.

७ डिसेंबर

लडकू भेटायला आला. अंग उतरलंय, हाडं दिसतात. मी म्हणालो, बघ, साखर झडली. सारखं पाणी पीत होता, आल्यापासून तीन तांबे. रात्रीतून पाच वेळा उठतो म्हणे. माझीही शुद्धी झाली होती, मी धीर दिला.

उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. भाताचं धसकट घुसलं, कापणीनंतर. म्हणाला, "घुसलं ते कललंच नाय सायेब. भिमीनं रगात बघितलं तवा कललं." मी म्हणालो, बघ, वेदनासुद्धा गेल्या.

कमळने फडकं सोडून बघितलं. तिचा चेहरा पांढरा झाला. म्हणाली, भावजी, आजच्या आज गोळ्या चालू करा, दवाखान्यात जा. लडकू माझ्याकडे बघून म्हणाला, "सायेब सांगतील तसं."

मी सांगितलं, आता मधेच बदल नको. कोर्स अर्धवट सोडायचा नसतो. हळद लाव.

कमळ तेव्हापासून बोलत नाही. बायकांना रक्त बघवत नाही.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी ८.००

लडकूची मुलगी कुणालीचा फोन. ती शहापूरला दिलीय. बापाला काल ताप भरला, बडबडायला लागला, तिने गाडी करून तिकडेच दवाखान्यात नेलं. शुगर ४३८. अंगठा काळा पडलाय.

अशक्य. एकच वेल. एकच पाला. एकच मिक्सर. ह्याने नक्की चोरून काहीतरी गोड खाल्लंय. विश्वासघात केला. मी उद्या जाऊन तोंडावर विचारणार.

२९ डिसेंबर. संध्याकाळी ७.३०

गेलो. कमळ बरोबर आली, नको म्हटलं तरी. सारिका आसनगावहून येऊन आधीच पोचली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद? भिमीने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना इचारा."

मी उभं राहून सांगितलं. स्टँडात अनाउन्समेंट करायचो त्या आवाजात. ऑक्टोबरपासून हा पाला घेतो. मीही घेतो. खिशातून रिपोर्ट काढला. सात पॉइंट सहा, बघा. म्हणजे पाल्यात खोट नाही, पेशंटमध्ये आहे. हा चोरून खात असणार.

लडकू म्हणाला, "नाय सायेब. शप्पत नाय."

मी म्हणालो, खोटं बोलू नकोस.

तेव्हा कमळ बोलली. भिंतीला टेकून उभी होती. "भावजी खोटं नाय बोलत. खोटं मी बोलले." मग माझ्याकडे न बघता, डॉक्टरीणबाईंना : "ह्यांच्या वाटीत मी गोली कुटून टाकते. सकाळी एक, सांजची एक. सप्टेंबरपासून. ते सात पॉइंट जे काय आलं ते गोलीचं हाय."

मग ती लडकूकडे वळली आणि तिचा आवाज फुटला. "तुमच्या डब्यात मी नाय टाकल्या भावजी. मी कशी टाकनार होते?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. नर्सने मला बाहेर काढलं. मला! जिन्यावर सारिका आली. मला वाटलं, माझ्या बाजूने बोलेल. ती आईवरही चिडली होती. त्यांना न सांगता औषध कसं दिलंस, काही झालं असतं म्हणजे, असं तिला बोलून आली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, तिने तुम्हाला फसवलं ते चूकच. पण तिला दुसरा रस्ता तुम्ही ठेवला होता का?"

एसटीने एकटा परत आलो.

३० डिसेंबर

अंगठा काढला. पाय वाचला.

३१ डिसेंबर

काही खाल्लं नाही. कमळने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हिशेब मांडून बघतोय की राग कुणावर आहे. कमळवर आहे. पण तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं की ती लडकूला जे म्हणाली ते ऐकू येतं. स्वरूपवर आहे, पण तो बरोबर होता. लडकूवर, की एवढं कसं माझं ऐकलं. पण अंगठा कापलेल्या माणसावर राग काढणं बरोबर दिसत नाही.

पुढे काही सुचत नाही.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

सकाळी ताटाशेजारी वाटी नव्हती. पांढरी गोळी आणि पाण्याचा पेला. कमळ समोर बसून राहिली. म्हणाली, "आता उघड ठेवते. घ्यायची तर घ्या, फेकायची तर माझ्यासमोर फेका."

अर्धा तास बसलो. चहा गार झाला.

घेतली. साधी गोळी. कुटलेली नसली की एवढी कडूही लागत नाही.

११ जानेवारी, रविवार

लडकू घरी आलाय. गेलो, कमळला घेऊन. मनाशी भाषण तयार केलं होतं : औषधशास्त्रातील गुंतागुंत, प्रत्येक शरीराची प्रकृती वेगळी, वगैरे. भिमी ओट्यावर भात पाखडत होती. उठली नाही. म्हणाली, "अंगठा गेला ना. आता काय पाला बांधू त्याला?"

भाषण विसरलो. लडकू खाटेवर. पायाला पांढरं बँडेज. मला बघून उठायला गेला, सायेब म्हणून. ते उठणं मला बघवलं नाही. मी खांदा धरून बसवलं आणि सांगितलं. माझं चुकलं. मी गोळी खात होतो, मला माहीत नव्हतं. तुझी गोळी मी काढून घेतली. हे माझ्यामुळे झालं.

एवढी छोटी अनाउन्समेंट मी जन्मात केली नव्हती.

मला वाटलं, लडकू चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, मला चिडलेल्याशी बोलता येतं. तो भिंतीकडे बघत होता. तिथे माझ्या रिपोर्टची झेरॉक्स चिकटवलेली. "फक्त पाला. जयराम पष्टे."

म्हणाला, "सायेब, तो कागद बघून गावातल्या आनखी नवांनी गोल्या सोडल्यात. मीच त्यांना पाला देतो हाय."

१४ जानेवारी, संक्रांत

मुरबाडला गाडी बदलून परत लडकूच्या गावात. नऊ घरांची यादी हातात.

बारकूला सांगितलं. म्हणाला, बरं, आणि लगेच चालू करतो म्हणाला. पहिलंच घर सरळ गेलं. वाटलं, दुपारपर्यंत सगळं संपेल.

चांगो म्हणाला, गोळीवाल्या कंपनीने तुम्हाला काही दिलं का? मी ओरडलो. तो म्हणाला, बघा, चिडलात म्हणजे दिलं.

रंगू म्हणाली, आमाला बरं वाटतंय, तुमी जा.

चौथ्या घरी कुत्रं सोडलं. नंतर म्हणाले, सुटलं.

नऊपैकी दोघांनी ऐकलं. खोटं सांगितलं तेव्हा झेरॉक्सवर विश्वास ठेवला, खरं सांगतोय तर पुरावा मागतात. परतीच्या गाडीत एवढा संताप आला की कंडक्टरने विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना?

१८ जानेवारी

सारिका सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर लडकूच्या गावात आली, मशीन घेऊन. पदराआड लपवलेलं तेच, ते बिघडलं नव्हतंच. तिने ओट्यावर बसून एकेकाचं बोट टोचलं. आकडे बघितल्यावर चांगो बोलायचा थांबला. रंगूने दोनदा टोचून घेतलं, मग गप्प आत जाऊन गोळ्यांचं पाकीट शोधायला लागली. मी मधे बोलायला गेलो तर सारिका म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त पिशवी धरा.

पिशवी धरली.

आठ जणं परत गोळीवर. राहिली बाईजा. लडकूची चुलती, सत्तरीच्या पुढे. बोट पुढे करेना, गोळी घेईना. म्हणाली, "मशीन कुनाचं? त्याच्याच पोरीचं. कागद पन त्याचाच व्हता."

१९ जानेवारी

बाईजाकडे. दार उघडलं नाही. ओट्यावर पावणेदोन तास बसलो. चहा नाही, पाणी नाही.

२१ जानेवारी

परत. आज दार उघडलं. म्हणाली, "तू सोता खातोस काय गोली?" म्हटलं, खातो. "सांगतोस पन खात नायस. माज्या म्होरं खा."

माझी वेळ झाली नव्हती. सकाळची घरी घेऊन निघालो होतो. दुसरी खाल्ली तर डोस चुकतो. समजावून सांगायला गेलो. तिने दार लावून घेतलं.

२२ जानेवारी. सकाळी ९.५०

आज सकाळची गोळी न घेता खिशात ठेवून निघालो. कमळने भाकरी बांधून दिली, कारण उपाशीपोटी घ्यायची नसते. बाईजाच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. तिच्यासमोर गोळी काढली, तिच्याच तांब्यातल्या पाण्याने गिळली. ती अगदी जवळ येऊन बघत होती.

तिच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं, म्हटलं, आता तुम्ही घ्या.

म्हणाली, "एका दिवसानं काय व्हतंय? रोज खातोस का बघंन. आठ दिस येऊन खा. मंग इचार करते."

चिडलो नाही. चिडायला जागा नव्हती, तोंडात अजून भाकरीचा घास होता.

२९ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०.१०

आठवा दिवस. पहिली गाडी, मुरबाडला बदलून दुसरी. लडकू काठी टेकत ओट्यापर्यंत आला होता, बघायला. भिमीही दारात. शेजारची दोन-चार जणं. भाकरी खाल्ली. गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायलो, गिळली.

बाईजा उठून माझ्यासमोर आली. म्हणाली, "आ कर."

केलं.

"जीब उचल."

उचलली. तिने मान वाकडी करून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग पदराला हात पुसला आणि तो माझ्यासमोर धरला. म्हणाली, "दे माजी."